वुलायचे गरम पाणी कुणाचे?

महाराष्ट्रातल्या हजारो बौद्ध घरांत एक जाडजूड ग्रंथ असतो. ‘भगवान बुद्ध और उनका धम्म’. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ग्रंथाचा भदन्त आनंद कौसल्यायन यांनी केलेला हा हिंदी अनुवाद. त्याच्या आतल्या पानावर तैवानमधल्या तैपेई शहराचा पत्ता असतो आणि हा ग्रंथ विक्रीसाठी नाही, मोफत वाटण्यासाठी आहे, असे छापलेले असते. आमच्याही घरी ती प्रत आहे. त्यामुळे तैवान म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे इतकी वर्षे एकच चित्र होते. धम्मदान करणाऱ्या, ओळख ना पाळख अशा माणसांचा देश. गेल्या हिवाळ्यात तेथे जाण्याचा प्रसंग आला, तेव्हाही मनात हेच होते. परत येताना मात्र दुसरेही काही बरोबर आले, त्याबद्दल आज लिहीत आहोत.

आमच्या एका स्नेह्यांचा मुलगा तैपेईला पीएच.डी. करतो. त्याने पहिले दोन दिवस विहारे दाखवली, बाजार दाखवला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “काका, उद्या तुम्हाला इथल्या आदिवासींच्या गावी नेतो. गरम पाण्याचे झरे आहेत. अंग शेकून येऊ.” थंडी बोचरी होती, आमचे गुडघेही कुरकुरत होते. आम्ही लगेच हो म्हणालो. खोटे कशाला सांगा, आदिवासी हा शब्द आम्ही नंतर ऐकला, गरम पाणी आधी ऐकले.

मेट्रोचे शेवटचे स्टेशन शिनत्येन. तेथून ८४९ क्रमांकाची बस डोंगरात शिरते. एका बाजूला हिरवी गर्द दरी, खाली नानशी नदी, आणि चाळीसेक मिनिटांनी वुलाय. तैपेईपासून अंतर जेमतेम २५-२७ किलोमीटर. मुंबईकराला ठाणे जेवढे लांब, तेवढेच. पण शहराचा गोंगाट कुठल्या कुठे गेलेला. बसमधून उतरल्याबरोबर नदीच्या काठाने वर येणारी वाफ दिसली.

वुलाय हे नाव या वाफेचेच. येथील मूळ लोक अटायल. त्यांच्या भाषेत ‘उलाय’ म्हणजे गरम पाणी. सांगतात असे की, शिकारीला निघालेल्या अटायल माणसांना नदीतून वाफ येताना दिसली, एकाने हात घातला आणि ‘किलुख उलाय’ असे ओरडून इतरांना सावध केले. म्हणजे कढत आहे, सांभाळा! आपल्या कोकणात उन्हाळे, उन्हवरे, उन्हेरे ही गावांची नावे अशीच गरम पाण्यावरून पडली. पाण्याला आधी नाव देतो तो त्या पाण्याशेजारी राहणारा. सातबारा नंतर येतो.

गावात शिरताना पूल लागतो आणि पुलापलीकडे एक अरुंद गल्ली. दोन्ही बाजूंना दुकाने. बांबूच्या नळीत शिजवलेला भात, रानडुकराच्या मांसाचे भाजलेले सॉसेज, बाजरीसारख्या बारीक धान्याची दारू, ‘माकाव’ नावाच्या रानमिऱ्याचा वास. भाताची नळी आम्ही फोडून खाल्ली. चव आवडली. आमच्याकडे हुरडा पार्टीला जशी शहरी गर्दी लोटते, तशीच येथे शनिवार-रविवारी तैपेईची गर्दी. भिंतींवर, पाट्यांवर, पाकिटांवर जिकडेतिकडे एक चेहरा छापलेला: कपाळावर आणि गालांवर निळसर गोंदण असलेली अटायल स्त्री. गल्लीत हा चेहरा शेकडो ठिकाणी दिसला. एकाही जित्या माणसाच्या तोंडावर ते गोंदण नव्हते.

या गोंदणाची गोष्ट वाचकांनी नीट समजून घेतली पाहिजे. अटायल मुलीला मागावर कापड विणण्यात हातखंडा आला की तिच्या गालांवर गोंदण होत असे. मुलाने पुरुष म्हणून आपली लायकी सिद्ध केली की त्याच्या कपाळावर आणि हनुवटीवर. जुन्या काळी ही लायकी शत्रूचे शिर आणून सिद्ध करावी लागे, हेही सांगितले पाहिजे. आम्ही कुणाच्याच जुन्या रूढीचे आंधळे गोडवे गात नाही. अटायल समजुतीप्रमाणे माणूस मेल्यावर इंद्रधनुष्याच्या पुलावरून पूर्वजांकडे जातो, आणि पुलापाशी पूर्वज त्याला ओळखतात ते या गोंदणावरून. गोंदण नसेल तर पूल ओलांडता येत नाही. म्हणजे गोंदण हा दागिना नव्हता. ते ओळखपत्र होते.

१८९५ मध्ये तैवान जपानच्या ताब्यात गेले आणि पुढे जपानी पोलिसांनी या गोंदणावर बंदी घातली. ज्यांच्या चेहऱ्यावर ते आधीच होते, त्यांच्यातल्या काहींची कातडी शस्त्रक्रिया करून काढली गेली. तरीही दूरच्या वस्त्यांत चोरून गोंदण चालू राहिले. लहानपणी असे चोरून गोंदलेली शेवटची अटायल आजी २०१९ मध्ये वयाच्या नव्वदीपुढे वारली, तेव्हा तैवानच्या वृत्तपत्रांनी त्याची बातमी छापली. एक चेहराच संपला, आणि आता तोच पाकिटावर उरला आहे.

हे ऐकताना आम्हाला महाड आठवले. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी महाडला आपल्या माताभगिनींना सांगितले होते की, ज्या पद्धतीच्या लुगड्यावरून आणि ज्या जाड दागिन्यांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता, ती ओळख टाकून द्या. आणि आमच्या आज्या-पणज्यांनी ती टाकून दिली. कुणा फौजदाराने त्यांच्या अंगावरचे उतरवले नाही. मग कुणी विचारील की, अटायल बाईचे गोंदण गेले तर तुम्ही हळहळता कशाला, तुम्हीही तर खुणा टाकल्याच! फरक आहे, आणि तो फार मोठा आहे. आमच्या अंगावरच्या त्या खुणा दुसऱ्यांनी आम्हाला हीन ठरवण्यासाठी लादलेल्या होत्या आणि त्या आम्ही आमच्या निर्णयाने टाकल्या. अटायल बाईची खूण तिच्या स्वतःच्या कसबाची होती आणि ती परक्या पोलिसाने पुसली. रूढी टाकायची की ठेवायची, याचा निर्णय ज्याच्या कातडीवर ती आहे त्याने घ्यायचा असतो.

जपान्यांना या डोंगरांत रस का होता? कापूर! त्या काळी जगाचा बहुतेक नैसर्गिक कापूर तैवानच्या जंगलातून येई. कापूर औषधाला लागे, सेल्युलॉइड बनवायला लागे. भारतही कापराचा मोठा गिऱ्हाईक, आरतीच्या तबकात काय जळत होते त्याचा पत्ता भक्तांनी कधी विचारला नाही. कापराची झाडे आदिवासींच्या डोंगरात. म्हणून जपानी सरकारने डोंगराभोवती चौक्यांची साखळी उभारली, तारा लावल्या, त्यांत वीज सोडली आणि ही साखळी वर वर सरकवत नेली. वस्त्या उठवून खाली पोलीस ठाण्याच्या नजरेत आणून बसवल्या. २७ ऑक्टोबर १९३० रोजी मध्य तैवानात वूशे येथे सेडिक जमातीने उठाव केला, १३४ जपानी मारले गेले, आणि मग सरकारने विमाने आणि तोफा आणून बदला घेतला. त्याच सरकारने पुढे दुसऱ्या महायुद्धात याच डोंगरातली तरुण पोरे जंगलातल्या लढाईसाठी नेली. वुलायच्या धबधब्याजवळ त्यांचे स्मारक आहे. मारणारे सरकार तेच, मरायला नेणारेही तेच. ही रीत आपल्याला नवीन नाही.

बरे, सारा दोष जपान्यांवर टाकून मोकळे होता येत नाही. त्याआधी चीनच्या छिंग बादशाहीने या बेटावरच्या मूळ लोकांची विभागणी दोन शब्दांत केली होती. जे कर देत, चिनी रीत उचलत, ते ‘शिजलेले’ रानटी. जे डोंगरात राहून जुमानत नसत, ते ‘कच्चे’ रानटी. आमच्या मित्राच्या मुलाने हे सांगितले तेव्हा आम्ही रस्त्यात थांबलो. माणसाला भाजीसारखे कच्चे आणि शिजलेले म्हणणारी ही बुद्धी! शिजवणारा मी, भांडे माझे, विस्तव माझा, आणि तुझे मोल तू किती शिजलास त्यावर. आपल्याकडच्या ‘संस्कार’ शब्दाचे पोट फाडून पाहिले तर आत हेच निघेल. आणि गंमत अशी की ‘शिजलेल्यां’च्या पदरीही काही पडले नाही. सपाटीवरच्या या जमातींची जमीन गेली, भाषा गेली आणि शेवटी सरकारने त्यांना आदिवासी म्हणून मोजणेही बंद केले. सिराया या अशाच एका सपाटीवरच्या जमातीला तैवानच्या घटना न्यायालयाने न्याय दिला तो २०२२ मध्ये.

गल्लीच्या टोकाला एका म्हाताऱ्या बाईचे हातमागाच्या कापडाचे छोटे दुकान होते. लाल रंग, त्यात चौकटीचौकटीची नक्षी. ही चौकट म्हणजे पूर्वजांचे डोळे, ते आपल्यावर लक्ष ठेवतात, असे तिने सांगितले. मुलगा दुभाष्याचे काम करीत होता. तिची आई, ती म्हणाली, एकाच जन्मात तीन नावांनी जगली. घरात अटायल नाव. शाळेत जपानी नाव. १९४५ नंतर चिनी राष्ट्रवादी सरकार आले, तेव्हा कचेरीतल्या कारकुनाने दिलेले चिनी आडनाव आणि नाव. तैवानभर हेच झाले होते. कारकुनाच्या मनाला येईल ते आडनाव चिकटवले जाई, सख्ख्या भावांना वेगवेगळी आडनावे मिळत. आम्ही तिला सांगितले की, आमच्याकडे आमच्या आजोबा-पणजोबांची नावे कचरू, धोंड्या, दगडू अशी असत, आणि पाड्यावरच्या पोरांची नावे मास्तर हजेरीपटावर आपल्याच मनाने लिहीत. मुलाने हे चिनी भाषेत सांगितले. ‘कचरू’चा अर्थ कळल्यावर आजी क्षणभर गप्प झाली आणि मग मोठ्याने हसली. आम्हीही हसलो. दोन देशांतल्या कारकुनांवर असे हसून घेतले.

पण तैवानचे आदिवासी नुसते हसत बसले नाहीत. १९८७ मध्ये तेथील लष्करी कायदा उठला, त्याच्या आधीपासूनच त्यांचे तरुण संघटित होऊ लागले होते. पहिला घाव त्यांनी कुठे घातला? शाळेच्या पुस्तकावर! पुस्तकात वू फेंग नावाच्या एका चिनी दुभाष्याचा धडा होता. अठराव्या शतकात या थोर माणसाने त्सौ जमातीची शिर कापण्याची चाल बंद करण्यासाठी स्वतःचे शिर दिले, आणि रानटी लोक लाजून शहाणे झाले, अशी ती कथा. जपान्यांनी ती सजवली, चिनी राष्ट्रवाद्यांनी तीच चालू ठेवली. वर्गात हा धडा सुरू झाला की आदिवासी पोर मान खाली घालून बसे. ३१ डिसेंबर १९८८ रोजी तरुणांनी च्याई स्टेशनसमोरचा वू फेंगचा पुतळा दोर लावून खाली ओढला. १९८९ मध्ये धडा पुस्तकातून गेला आणि त्याच्या नावाच्या तालुक्याचे नावही बदलले. आपल्याकडे अंगठा कापून देणारा एकलव्य किती वर्षे ‘आदर्श शिष्य’ म्हणून शिकवला गेला, ते आठवा. तेथे परक्याने आपले शिर दिले म्हणून आदिवासी शहाणा, येथे आदिवासीने आपला अंगठा दिला म्हणून आदिवासी थोर. दोन्हीकडे धडा लिहिणारा मात्र आदिवासी नव्हे.

दुसरी लढाई नावाची. सरकार त्यांना ‘डोंगरी बांधव’ म्हणे. ऐकायला किती गोड! आपल्याकडचे ‘गिरिजन’ आणि ‘वनवासी’ हे त्याचेच मावसभाऊ. बांधव म्हटले की हक्काचा प्रश्न मिटला, आणि डोंगरी म्हटले की तो आधीपासून येथला हे सांगायची गरज नाही. त्यांनी हा शब्द नाकारला आणि ‘मूळ रहिवासी’ हा शब्द मागितला. दहा वर्षे रस्त्यावर लढून १ ऑगस्ट १९९४ रोजी तो राज्यघटनेत आला. आपल्या संविधान सभेत जयपालसिंग मुंडांनी ‘आदिवासी’ शब्दासाठी असाच आग्रह धरला होता, तो मान्य झाला नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. १९९५ पासून तैवानात आदिवासींना आपले पारंपरिक नाव कागदावर लावता येऊ लागले, आणि २०२४ मध्ये ते चिनी लिपीत न लिहिता केवळ रोमन अक्षरांत लिहिण्याची मुभा मिळाली. आज तेथे १६ जमातींना मान्यता आहे, लोकसंख्या सुमारे ६ लाख, म्हणजे शंभरात अडीच. ११३ जागांच्या संसदेत त्यांच्यासाठी ६ जागा राखीव आहेत. वुलायचा लोकनियुक्त प्रमुख कायद्यानेच आदिवासी असावा लागतो, जरी गावच्या सहा-एक हजार लोकवस्तीत अटायल आता निम्म्याहून कमी उरले आहेत.

त्सौ असो, अटायल असो, त्यांच्या या लढ्यात चर्चचा मोठा हात होता, हेही लिहिले पाहिजे. १९४५ नंतरच्या वर्षांत डोंगरातल्या बहुतेक जमाती ख्रिस्ती झाल्या. प्रेस्बिटेरियन चर्चने त्यांच्या भाषा रोमन अक्षरांत लिहिल्या, आणि सरकारी शाळेत ज्या भाषेला बंदी होती ती रविवारी प्रार्थनेत जिवंत राहिली. धर्म बदलला की संस्कृती बुडते, अशी ओरड आपल्याकडे ठरावीक मंडळी नेहमी करतात. त्यांनी एकदा वुलायला जाऊन यावे. जुन्या चालीरीती पुष्कळ गेल्या, पण भाषा राखणारी माणसे याच प्रार्थनाघरांतून निघाली.

आता पाण्याकडे येतो, कारण आम्ही गेलो होतो ते त्यासाठीच.

झऱ्यांचे पाणी पारदर्शक, वास नाही, हाताला बुळबुळीत लागते. नदीच्या दोन्ही काठांवर हॉटेले. तासावर खोली मिळते, खोलीत दगडी हौद, नळ सोडला की कढत पाणी. मोठ्या हॉटेलांचे मालक बहुतांशी बाहेरचे. कायद्याने आदिवासींची राखीव जमीन बिगरआदिवासीला घेता येत नाही. मग जमीन कशी जाते? कागदावर नाव अटायलचे, पैसा आणि ताबा दुसऱ्याचा! असे उसन्या नावाचे करार अवैध असल्याचा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०२१ मध्ये. ठाणे, पालघर, नंदुरबार, यवतमाळच्या वाचकांना हे समजावून सांगावे लागणार नाही. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा आपल्याकडे आहे, आणि रिसॉर्टही आहेत.

ज्यांना हॉटेल परवडत नाही त्यांच्यासाठी पूर्वी नदीकाठी दगड रचून केलेली उघडी कुंडे होती. म्हातारेकोतारे तेथे फुकट अंग शेकत. ऑगस्ट २०१५ मध्ये सोडलोर वादळाने वुलायच्या डोंगराच्या दरडी कोसळल्या, रस्ते तुटले, ती कुंडेही गाडली गेली. लोकांनी स्वखुशीने ती पुन्हा उभी केली. पुढे प्रशासनाने ती तोडली. कारण? हे पाणलोट क्षेत्र आहे, पिण्याच्या पाण्याच्या नदीत बेकायदा बांधकाम नको. कारण खोटे नाही. नानशी नदी पुढे शिनत्येन नदीला मिळते आणि तैपेईच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग तेथून येतो. त्या वादळात तैपेईच्या नळांना चिखल आला, तेव्हा शहराला वुलाय एकदम आठवले होते. शहराच्या पाण्यासाठी या डोंगरात घर बांधायला, शेत करायला निर्बंध आहेत. हॉटेले मात्र उभी आहेत.

येथे आम्हाला तानसा आठवल्यावाचून राहिली नाही. भिवंडी तालुक्यात वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली ही गरम कुंडांची गावे याच नदीच्या काठी. भोवती वारली, कातकरी, मल्हार कोळी यांचे पाडे. वर शहापूर तालुक्यात तानसा धरण, १८९२ चे. तानसा, वैतरणा, भातसा, मुंबई ज्यावर जगते ते पाणी या आदिवासी मुलखातून जाते, आणि उन्हाळा लागला की त्याच शहापूरच्या पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. कुंडात अंग शेकायला मुंबईहून गाड्या येतात. आम्हीही गेलो आहोत, पत्नीला संधिवात आहे. पण त्या पाड्यांकडे आमचे लक्ष तैवानला जाऊन आल्यावर गेले, याची लाज वाटते. एक फरक तेवढा नोंदवतो. तैपेईच्या पाणीपट्टीतून ठरावीक रक्कम पाणलोटातल्या गावांना परत देण्याची कायदेशीर सोय तैवानात आहे. ती पुरेशी आहे की नाही यावर तेथे भांडण आहे, पण निदान भांडायला कलम तरी आहे.

गावापासून धबधब्यापर्यंत पायी गेलो. ८० मीटरची धार. तेथे वर जाणारी पाळण्याची गाडी १९६७ पासून आहे. खालची छोटी रेल्वे मूळची जंगलातले लाकूड ओढण्यासाठी १९२८ मध्ये घातलेली, लाकूड संपल्यावर तिच्यावर प्रवासी बसवले. याच परिसरात अनेक वर्षे अटायल मुलींचे नाच होत. परदेशी पाहुणे येत, लाल कपडे घालून फोटो काढत. गिऱ्हाइकाला काय आवडेल त्याप्रमाणे नाच बसवले जात, दुसऱ्या जमातीच्या चालीही उसन्या घेतल्या जात. त्यावर घरे चालली, पोरे शिकली, म्हणून नाचणाऱ्या पोरींना नावे ठेवण्याचा आम्हाला हक्क नाही. नाव ठेवायचे तर पाहणाऱ्याला ठेवावे. आपल्या २६ जानेवारीच्या चित्ररथावर नाचणारा आदिवासी सर्वांना आवडतो, तोच वनहक्काचा दावा घेऊन तहसील कचेरीत आला की साहेब जेवायला गेलेले असतात.

वनहक्कावरून स्मांगुसची हकीकत सांगतो. हेही अटायल गाव, उंच डोंगरातले. २००५ च्या वादळात एक झाड रस्त्यावर पडले. वनखात्याने चांगले लाकूड नेले, बुंधा टाकून दिला. गावाने बैठक घेऊन ठरवले की बुंधा गावात आणून कामाला लावू, आणि तिघांना पाठवले. वनखात्याने त्या तिघांवर चोरीचा खटला भरला. दंड भरून सुटणे सोपे होते. त्यांनी दंड नाकारला, कारण दंड भरणे म्हणजे आपल्याच जंगलात आपण चोर आहोत हे कबूल करणे. खटला चालला आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयाने तिघांना निर्दोष सोडले. एका बुंध्यासाठी चार वर्षांहून अधिक काळ! आपल्याकडे २००६ चा वनहक्क कायदा आहे, आणि मोळीसाठी पाठीवर काठी खाल्लेल्या बायाही आहेत.

१ ऑगस्ट २०१६ रोजी तैवानच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षा त्साय इंग-वेन यांनी गेल्या ४०० वर्षांतल्या अन्यायाबद्दल सरकारच्या वतीने आदिवासींची जाहीर माफी मागितली. राष्ट्रप्रमुखाने उभे राहून, लेखी, माफी! आम्ही हे वाचून भारावलो होतो. पण मुलाने पुढचे सांगितले. पुढच्याच वर्षी सरकारने पारंपरिक भूमी ठरवण्याचे नियम काढले आणि त्यातून खासगी मालकीची जमीन वगळली. म्हणजे जी आधीच हातातून गेली ती हिशेबातूनही गेली. त्याविरुद्ध आदिवासी कार्यकर्ते राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीसमोरच्या केटागालान रस्त्यावर बसले. त्या रस्त्याचे नावही एका आदिवासी जमातीचे. पोलिसांनी उठवले तर जवळच्या बागेत बसले. फेब्रुवारी २०१७ ते मे २०२४, सात वर्षांहून अधिक, राष्ट्राध्यक्षा पायउतार होईपर्यंत.

परतीची बस यायला तासभर होता. आम्ही एका साध्या हॉटेलात शिरलो, खोली घेतली आणि हौदात उतरलो. होय, उतरलो. गुडघ्यांना आराम पडला. तेवढ्यात मुलाने बाहेरून विचारले, “काका, पाणी कसं आहे?” काय उत्तर द्यावे कळेना. एक विचार डोक्यातून जात नव्हता. आमच्या हाती बाबासाहेबांचा ग्रंथ मोफत देणारे उदार लोक आणि या डोंगराच्या पायथ्याची सपाटी घेणाऱ्यांचे वंशज हा एकच समाज आहे. दान खरे आहे, त्याबद्दलची कृतज्ञताही खरी आहे, आणि सपाटी गेली तेही खरे आहे. दान देणाऱ्याला हा प्रश्न विचारावा की विचारू नये? तैपेईच्या विहारात आम्हाला भेटलेल्या एका वृद्ध उपासकांना दुसऱ्या दिवशी आम्ही मुलामार्फत विचारलेच. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले की, माझ्या शाळेच्या पुस्तकात वू फेंगचा धडा होता, तो मला पाठ होता, आणि माझ्या बाकावर बसणारा मुलगा डोंगरातला होता.

निघताना त्यांनी आमच्या पिशवीत ग्रंथाच्या चार प्रती घातल्या. आजीकडून घेतलेले लाल कापड त्याच पिशवीत होते. चारपैकी दोन प्रती आम्ही शहापूरच्या एका पाड्यावरच्या वाचनालयासाठी ठेवल्या आहेत. एप्रिलमध्ये, टँकर सुरू झाल्यावर, तिकडे जाणार आहोत.